भाऊजींच्या चार स्प्रिंगा

रत्नागिरी जिल्ह्यात ज्याच्या दारात म्हणून चारचाकी आली, त्याने सगळ्यात आधी ती वर उचलून घेतली. डॉक्टरांनी उचलून घेतली, बागायतदारांनी उचलून घेतली. देवळाच्या एका पुजाऱ्यांनी तर इतकी उचलून घेतली की आत चढायला घरातला पाट आणावा लागे. आमचे रस्तेच तसे होते. जांभ्या दगडाची खडी, पावसाने खाल्लेल्या कडा आणि दर फर्लांगाला, खालून पाणी जायला उंचवटा केलेली मोरी. अशा या मुलखात आपली गाडी दीड इंच खाली करून मागणारा माणूस एकच जन्माला आला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला.

भाऊजी जमीन मोजणीच्या खात्यात होते. साखळी, टेप आणि नकाशा घेऊन गावोगाव हिंडायचे आणि दोन भावांच्या बागांमधली हद्द कुठून जाते ते दाखवून द्यायचे. ही नोकरी त्यांनी धरली नव्हती, नोकरीनेच त्यांना धरलं असावं. ताईला बघायला आले तेव्हा पोहे येईपर्यंत त्यांनी मान वर करून आमच्या माजघराच्या दाराची चौकट न्याहाळली आणि वडिलांना अगदी आदराने म्हणाले, "उजवा खांब अर्धा इंच खचलाय." मुलगी आत आली, पोहे देऊन गेली, तरी यांची नजर चौकटीवरच. पाहुणे गेल्यावर वडिलांनी पाणसळ लावून पाहिली. खांब अर्धा इंच खचलेला होता. "मुलगा खोटं बोलायचा नाही," असं म्हणून वडिलांनी लग्न पक्कं केलं. ताईला मात्र, त्या दिवशी आपल्याकडे पाहिलंच नाही, हे दुःख पुढे वीसेक वर्षं पुरलं. रागावली की ती म्हणायची, "चौकटीशीच लावायचं होतंत लग्न." यावर भाऊजी शांतपणे म्हणत, "चौकट वाकडी होती."

लग्नाच्या पंगतीत पानं मांडली की ते रांगेच्या टोकाला उभे राहून एक डोळा मिटून बघत, आणि मधलंच एखादं पान बोटभर सरकवल्याशिवाय जेवायला बसत नसत. रस्त्याने चालताना पावलं मोजत. त्यांचं पाऊल बरोबर तीस इंचांचं होतं, असं त्यांचं म्हणणं. वाटेत कुणी थांबवून प्रकृती विचारली, तर आधी "चारशे बारा" असं स्वतःशी पुटपुटून मग "बरी आहे" म्हणत. बसमध्ये बसले की प्रत्येक वळणाला अंग आतल्या बाजूला टाकत, जणू बस आपल्याच भरवशावर वळते आहे. शेजारी बसलेल्या बायका तक्रार करत. भाऊजी हात जोडत आणि पुढच्या वळणाला पुन्हा कलत.

अशा माणसाच्या हाती ती गाडी आली. मांडवीजवळ बोटीवरचे एक निवृत्त कप्तान राहायचे. त्यांनी तरुणपणी ती इटलीहून बोटीतून आणली होती. दोन दारांची, लांब नाकाची, एके काळी शर्यतीत धावलेल्या गाड्यांच्या कुळातली. कप्तान मुलीकडे परदेशी कायमचे निघाले. त्यांच्या कुंपणाची मोजणी भाऊजींनी केली होती, त्या ओळखीत गाडी भाऊजींकडे आली. गाडीबरोबर परदेशी मासिकांचा एक गठ्ठाही आला, आणि घात झाला तो त्या गठ्ठ्याने. त्यातल्या एका चित्रात हीच गाडी एका डोंगरातल्या वळणावर होती, जमिनीला अशी बिलगलेली की खालून मांजर गेलं नसतं. भाऊजींनी ते चित्र पाहिलं आणि मग दारातली गाडी पाहिली. कप्तानांनी इथल्या रस्त्यांसाठी तिला उंच स्प्रिंगा घातल्या होत्या. "बघ विसू," भाऊजी मला म्हणाले, "ही उभी आहे. चित्रातली बसलीय. गाडी बसलेली हवी."

माझा मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथचा लहानसा कारखाना होता. मासेमारीच्या मचव्यांच्या इंजिनांचे शाफ्ट, पंपांचे सुटे भाग, अधूनमधून एखाद्या गाडीची दुरुस्ती असली कामं. शनिवारी दुपारी कचेरी सुटली की भाऊजी तिकडे यायचे, एका उलट्या पिंपावर बसायचे आणि चहा घेत घेत स्प्रिंगांवर बोलायचे. त्या गाडीच्या चारी चाकांना स्प्रिंगा होत्या, आणि त्या कशा असाव्यात हे ठरवायला त्यांना जवळजवळ दोन वर्षं लागली. एवढ्या वेळात लोक मुलींची लग्नं ठरवून मोकळे होतात.

गावातला सगळ्यात जुना मेकॅनिक म्हणाला, "एक वेढा कापून टाकू साहेब, दहा मिनिटांचं काम." भाऊजी म्हणाले, "पायजमा लांब झाला म्हणून पाय कापणार का?" त्याने दुसरा उपाय सांगितला. गॅसने स्प्रिंग तापवायची, की ती आपोआप बसते. भाऊजी म्हणाले, "तापवली तर बसेल, पण पुन्हा उठायची नाही." मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि ते बरोबर होतं, की उंची कमी केली तर तार जाड हवी. नाहीतर गाडी पहिल्याच खड्ड्यात खालच्या रबरावर आपटायची. पण किती जाड? फार जाड घेतली तर ताईची पाठ मोडणार, बारीक घेतली तर वळणाला गाडी अंग टाकणार. आणि खाली किती? एक इंच, दीड, की दोन?

दीड इंच कसं दिसतं ते बघायला त्यांनी एका रविवारी गाडीत जांभ्याचे चिरे भरले. पुढे दोन, मागे चार, सामानाच्या जागेत तीन. गाडी दीड इंच बसली. मग रस्त्याच्या पलीकडे जाऊन ते अर्धा तास तिच्याकडे बघत उभे राहिले. येणारे-जाणारे विचारत, "काय हो, घर बांधायला काढलंत?" भाऊजी मान हलवत, हो म्हणून की नाही म्हणून ते कळायला मार्ग नव्हता. ताई दारातून म्हणाली, "अहो, माझ्याकडे कधी असं बघितलं नाहीत." भाऊजी म्हणाले, "तू मधे उभी आहेस, जरा आत हो."

पुढच्या चाकांवर किती वजन पडतं ते कळायला हवं होतं. म्हणून गाडी लाकडाच्या वखारीत नेली. तिथल्या मोठ्या काट्यावर नुसती पुढची चाकं चढवून वजन केलं. मग भाऊजी आत बसले, पुन्हा वजन. मग ताईला शेजारी बसवलं. वखारीतले सगळे हमाल ओंडके टाकून बघायला जमले. भाऊजींनी काट्याकडे बघत मोठ्याने विचारलं, "जेवून आलीस काय गो?" ताई म्हणाली, "हो." "काय काय खाल्लंस?" एवढं ऐकल्यावर ताई खाली उतरली आणि पदर खोचून पायी घराकडे निघाली. भाऊजींनी मला तिच्या मागे पाठवलं आणि स्वतः वहीत लिहिलं, "पत्नीचे वजन अंदाजे."

शेवटी आम्ही दोघे आंबा घाटाने कोल्हापूरला गेलो. तिथे एक स्प्रिंगा वळणारा होता, खांद्यावर टॉवेल टाकलेला आडदांड गडी. भाऊजींनी मोजणीच्या नकाशाच्या कापडावर शाईने काढलेलं चित्र त्याच्यापुढे पसरलं. तारेची जाडी, वेढे, मोकळी उंची, वजनाखालची उंची. तो बराच वेळ बघत राहिला. "सायेब, ट्रकवाले येत्यात, म्हणत्यात वर उचला. तुमी म्हंताय खाली बसवा. गाडीला काय पूजंला बसवायचं हाय व्हय?"

"वळणाला," भाऊजी म्हणाले.

त्या माणसाने वर पाहिलं. त्याने पुन्हा थट्टा केली नाही. चित्राची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "करतो." परतीच्या वाटेवर घाट उतरताना भाऊजी एकदम म्हणाले, "विसू, यंदा पावसाच्या आधी बसवूया हां. पुढच्या वर्षावर नको." ज्या माणसाने दोन वर्षं पाव पाव इंचावर घालवली, त्याला आता दोन महिन्यांची घाई झाली, याचं मला हसू आलं. मी म्हटलं, "एवढी काय घाई? गाडी कुठे पळून जाते?" ते खिडकीतून बाहेर बघत राहिले.

एप्रिलअखेर स्प्रिंगा गोणपाटात गुंडाळून आल्या. बसवायचा दिवस ठरला, आणि आदल्या दिवशी दुपारी ताई रिक्षा करून माझ्या कारखान्यात आली. ती तिथे कधी येत नसे.

"तू बसवू नको त्या," ती म्हणाली.

"अगं, दोन वर्षं—"

"दोन वर्षं मी बघत्येय ना! आताच गाडी मोरीवर खरवडते. आणखी खाली केलीस तर एक दिवस खालची तेलाची टाकी फुटून कुठेतरी उजाड सड्यावर अडकून बसू आम्ही दोघं. आणि हल्ली त्यांचं लक्ष तरी कुठे असतं? परवा उंबऱ्याला ठेचाळले, काल दाराच्या कडीवर डोकं आपटलं. सारखं डोक्यात ते स्प्रिंगांचं! आहेत त्याच काढ, रंग दे आणि घाल परत. त्यांना काय कळतंय?"

ती माझी थोरली बहीण. पण तिचं ऐकलं ते काही केवळ थोरली म्हणून नव्हे. मलाही मनातून हा सगळा खुळेपणाच वाटत होता. शिवाय, कबूल करायला हरकत नाही, थोडी मजाही वाटली. सगळं मोजणाऱ्या माणसाला एकदा फसवून बघायची मजा.

दुसऱ्या दिवशी भाऊजींना मालगुंडला एका बागेच्या हद्दीचं काम निघालं. सकाळी गाडी माझ्याकडे लावून ते बसने गेले. निघताना दोनदा मागे वळून आले. एकदा, "नट घट्ट करशील ना?" हे विचारायला, आणि दुसऱ्यांदा काहीच न विचारता नुसते उभे राहून गेले. मी चारी जुन्या स्प्रिंगा काढल्या, घासल्या, काळा रंग दिला, वाळवल्या आणि घातल्या. कोल्हापूरच्या चार तशाच गोणपाटात बाकाखाली सरकवल्या.

संध्याकाळी भाऊजी आले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत तांबड्या धुळीने माखलेली. चहासुद्धा न घेता त्यांनी खिशातून टेप काढली आणि पुढच्या उजव्या चाकापाशी उकिडवे बसले. जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत. मग डावं. मग मागची दोन्ही. ही एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात कशी आली नव्हती, देव जाणे! सकाळी सव्वीस इंच होते, आता सव्वीसच भरत होते. ते तिथेच बसून राहिले. मग वर न बघता म्हणाले, "नव्या स्प्रिंगा बसायला थोडा वेळ घेतात, नाही रे?"

"घेतात," मी म्हटलं.

"किती दिवस?"

"पंधरा-वीस."

त्यांनी टेप गुंडाळली. "तू म्हणतोस तर तसंच असेल," असं म्हणाले आणि गाडी घेऊन गेले. पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. ताईने वाढता वाढता विचारलं, "झालं का समाधान?" "झालं," भाऊजी म्हणाले, "फार फरक पडला." ताई स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावून हसली, आणि ताक आणायचं निमित्त करून मीही आत जाऊन हसलो.

एकविसाव्या दिवशी ते कारखान्यात आले. शनिवार नव्हता, तरी आले. पिंपावर बसले. आंब्याचे भाव, माझ्या लेथचा पट्टा, साहेबांची बदली, असं बरंच बोलले. मधे मधे थांबत आणि माझ्याकडे बघत. टेप खिशात होती, पण ती त्यांनी काढली नाही. मी शाफ्टवरून मान वर केली नाही. तासाभराने उठले, "बरं, येतो" म्हणाले. त्यानंतर शनिवारचं येणं एकाआड एक झालं, मग महिन्यातून एकदा, मग सणासुदीला घरी भेटलो तर तेवढंच. स्प्रिंग हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. गाडीही फारशी बाहेर निघेना. मी मनाची समजूत घातली, की हौस फिटली असेल. माणसाला स्वतःची समजूत घालायला फार लागत नाही.

दोन वर्षं गेली. एका सकाळी ताई पुन्हा रिक्षाने मिरजोळ्याला आली. या वेळी बोलायच्या आधीच रडायला लागली. भाऊजींना डोळे दाखवायला मिरजेला नेलं होतं. काचबिंदू. बाजूचं दिसणं जवळजवळ गेलेलं, समोरचं नळीतून पाहिल्यासारखं तेवढं उरलेलं. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "आणि विसू, त्यांना माहीत होतं रे. त्या स्प्रिंगांच्या वर्षीच माहीत होतं. एकटे जाऊन दाखवून आले होते. मोजणीचं काम जाईल म्हणून कुणाला बोलले नाहीत. डॉक्टर म्हणाला होता, अजून दोन-तीन वर्षं चालवता येईल." ती डोळे पुसायची थांबली. "उंबऱ्याला ठेचाळले तेव्हा मी त्यांना हसले."

सांगितलं तिने, पण हात माझे होते. स्प्रिंगांना रंग मी दिला होता. पंधरा-वीस दिवस मी सांगितले होते.

त्याच दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. भाऊजी पडवीत खुर्चीवर बसले होते. मी म्हटलं, "भाऊजी, गाडीची किल्ली द्या."

"कशाला?"

"स्प्रिंगा बसवायच्यात."

"अजून बसल्या नाहीत त्या?" ते म्हणाले. मिशीखाली किंचित हसले असावेत. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

"त्या जुन्याच आहेत."

"माहीत आहे."

"मग त्या दिवशीच का नाही बोललात?"

ते अंगणाकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, तूच सांगशील. एकविसाव्या दिवशी त्यासाठीच आलो होतो." मग खिशातून किल्ली काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. नेमकी माझ्या हातासमोर नव्हे, जरा डावीकडे. मी हात तिथे नेला.

दोन दिवसांत चारी स्प्रिंगा बसवल्या. मी स्वतः मोजलं. साडेचोवीस, साडेचोवीस, साडेचोवीस, आणि मागचं डावं पाव इंच कमी. त्या कोल्हापूरच्या माणसाने शाईचं चित्र जसंच्या तसं तारेत उतरवलं होतं. रविवारी सकाळी भाऊजींना शेजारी बसवून मी भाट्याच्या पुलावरून पावसच्या रस्त्याला लागलो. गाडी खरोखरच वेगळी झाली होती. मी गेली पंधरा वर्षं लोकांच्या गाड्या चालवून बघत होतो, पण रस्ता असा हाताला कळलेला मला आठवत नाही. खड्डा आला की ठोका कमरेपर्यंत यायचा, ही गोष्ट खरी. पण वळण आलं की गाडी अंग टाकत नसे, रुळावर असल्यासारखी वळायची. गोळपच्या चढाला एक लांबलचक वळण आहे. ते आलं तसे भाऊजी म्हणाले, "तिसऱ्यात टाक. आता ब्रेक नको. धर तशीच." मी धरली. आयुष्यभर बसमध्ये वळणाला कलणारा हा माणूस माझ्या शेजारी सरळ बसून होता. त्यांचे डोळे मिटलेले होते.

वर सड्याच्या माळावर आल्यावर मी गाडी थांबवली. रस्ता सरळ आणि मोकळा होता, लांबवर कुणी नव्हतं. मी म्हटलं, "थोडी घेता? मी शेजारी आहे."

"नको," ते म्हणाले. "मला आता रस्त्याची कड दिसत नाही." आणि थोड्या वेळाने, "ते वळण पुन्हा एकदा घेशील?"

मी गाडी वळवून खाली नेली आणि ते वळण पुन्हा घेतलं. मग पुन्हा. चौथ्या वेळेला रस्त्याकडेला गवत कापणाऱ्या एका बाईने हात करून गाडी थांबवली आणि विचारलं, "वाट चुकलात काय?" भाऊजी तिच्या आवाजाच्या दिशेने वळून म्हणाले, "नाही हो बाई, सापडल्येय." परतीला फणसोपच्या मोरीवर गाडीचं पोट असं घासलं की माझ्या दातांत कळ गेली. ताई म्हणत होती तेही खोटं नव्हतं. तेल मात्र गळलं नाही. भाऊजी म्हणाले, "हे घरी सांगू नको."

पावसाळ्यापूर्वी गाडी पुण्याच्या एका शौकिनाने नेली. भाऊजी त्यानंतर पुष्कळ वर्षं होते. खात्याने त्यांना टेबलाचं काम दिलं, आणि पुढे तेही सुटलं. शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. वर्तमानपत्र वाचून दाखवायचो, ते ऐकायचे, मधे एखादी चूक दुरुस्त करायचे. आमच्यात पूर्वीसारखंच सगळं होतं, कदाचित पूर्वीपेक्षा बरं. त्यांनी मला माफ केलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर "कसली माफी?" असंच म्हणाले असते, आणि ते मनापासून म्हणाले असते. पण त्या दोन वर्षांत शंभर रविवार होते, आणि त्यांतले पुष्कळसे असे होते की त्यांना रस्त्याची कड दिसत होती.